हॉवर्थच्या चर्चमधले एक लग्न

'जेन एअर' वाचून संपली की वर्गात एक प्रश्न हटकून निघतो. हे सगळे लिहिणारीचे स्वतःचे काय झाले? तिला कोणी भेटले की नाही? मलाही तो प्रश्न पडला होता. उत्तर शोधायला ग्रंथालयात बसलो, तेव्हा जी हकीकत हाती आली ती कादंबरीपेक्षा पुष्कळ साधी होती. तीत गढी नव्हती, आग नव्हती, माळ्यावर कोंडलेली वेडी बायको नव्हती. होता तो एक म्हातारा बाप, एक गरीब पाद्री आणि छत्तीस वर्षांची एक अविवाहित मुलगी. पण माझ्यापुरते सांगायचे तर रोचेस्टरपेक्षा हा पाद्रीच माझ्या मनात जास्त घर करून राहिला आहे.

शार्लट ब्राँटेचा जन्म २१ एप्रिल १८१६ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातला. वडील पॅट्रिक ब्राँटे मूळचे आयर्लंडचे. १८२० साली ते हॉवर्थ या डोंगराळ गावी चर्चचे पाद्री म्हणून आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. घराच्या एका अंगाला कबरस्तान, मागे माळरान. १८२१ मध्ये आई गेली. १८२५ मध्ये वरच्या दोघी बहिणी शाळेतून आजारी होऊन आल्या आणि गेल्या. उरलेल्या चार भावंडांनी वह्या भरभरून गोष्टी लिहिल्या, पुरुषी वाटणारी टोपणनावे घेऊन बहिणींनी पुस्तके काढली, १८४७ मध्ये 'जेन एअर' आली आणि गाजली, हा सारा भाग आपल्याला पाठ आहे. त्यानंतरचे मात्र नीट लक्षात घ्यायला हवे. सप्टेंबर १८४८ मध्ये भाऊ ब्रॅनवेल गेला, त्याच डिसेंबरात एमिली, आणि पुढच्या मे महिन्यात अ‍ॅन. नऊ महिन्यांत घर रिकामे झाले. सहा मुलांतली एकटी शार्लट बापाजवळ उरली.

तिला मागण्या आल्या नव्हत्या असे नव्हे. मैत्रीण एलन नसी हिच्या भावाने १८३९ मध्ये विचारले होते. त्याच वर्षी एका तरुण पाद्र्याने जेमतेम एका भेटीनंतर पत्रातून मागणी घातली. पुढे प्रकाशकाच्या कचेरीतल्या जेम्स टेलरनेही विचारून पाहिले. तिने सगळ्यांना नकार दिला. ब्रसेल्सला शिकायला गेली असताना तिचे मन तिच्या शिक्षकावर, एजे यांच्यावर, जडले होते. ते विवाहित होते. तिची पत्रे त्यांनी फाडली, आणि ती कोणीतरी पुन्हा जोडून ठेवली. १९१३ साली ती छापून आली तेव्हा कुठे जगाला ते दुःख कळले.

आर्थर बेल निकल्स १८४५ च्या मे महिन्यात हॉवर्थला क्युरेट, म्हणजे पाद्रीबुवांचा पगारी मदतनीस, म्हणून आला. हाही आयरिश, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, शार्लटहून जवळपास तीन वर्षांनी लहान. माणूस कर्तव्यदक्ष, पण करडा. गावातल्या बायका कबरस्तानातल्या दगडांवर धुणे वाळत घालीत, ते याने हट्टाने बंद करवले. एकदा तो रजेवर आयर्लंडला गेला तेव्हा, परत येण्याची तसदी याने घेतली नाही तरी चालेल, असे गावकरी उघड बोलत. शार्लटलाही हे क्युरेट लोक म्हणजे एक कंटाळवाणी जमात वाटे. १८४६ मध्ये दोघांच्या लग्नाची कंडी कुणीतरी पिकवली होती, तिची तिने चेष्टाच केली. 'शर्ली'त तर तिने आसपासच्या क्युरेटांची मनसोक्त टवाळी केली आहे. निकल्सला त्यातल्या त्यात सौम्य हाताने रंगवले आहे. ते वाचून तो आपल्या खोलीत एकटाच एवढा खदाखदा हसला, टाळ्या पिटल्या, पाय आपटले, की घरमालकिणीला वाटले याला वेड लागले. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. स्वतःवर हसता येणारा माणूस वरून कितीही रुक्ष दिसला तरी आतून कोरडा नसतो.

तो किती वर्षे मनात झुरत होता कोण जाणे. १३ डिसेंबर १८५२ च्या संध्याकाळी चहानंतर तो नेहमीसारखा पाद्रीबुवांच्या खोलीत बसला होता. शार्लट समोरच्या खोलीत होती. आठ-नऊच्या सुमारास तो उठल्याचे तिने ऐकले. आता बाहेरचे दार वाजेल म्हणून ती थांबली. वाजले ते तिच्याच खोलीचे दार. हा एरवी पुतळ्यासारखा ताठ माणूस आत आला तो नखशिखांत थरथरत, चेहरा पांढराफटक. शब्द फुटत नव्हते. वडिलांशी बोललात का, असे तिने विचारले. त्याची छाती झाली नव्हती. उद्या उत्तर देते असे सांगून तिने त्याला जवळजवळ हाताला धरूनच बाहेर पोचवले आणि वडिलांना सांगायला गेली.

वडील भडकले. पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या कपाळावरच्या शिरा तटतटून फुगल्या, डोळे लाल झाले. शार्लट घाबरली आणि नकार देण्याचे कबूल करून मोकळी झाली. वर्षाला शंभर पौंड मिळवणारा मदतनीस आणि एकेका कादंबरीला पाचशे पौंड घेणारी, लंडनात नाव झालेली मुलगी! हा पैशांवर डोळा ठेवून आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याखाली दुसरी भीतीही असणार. या नाजूक, ठेंगण्या मुलीला बाळंतपण झेपेल का? आणि ही गेली तर या घरात उरले कोण? आपल्याकडे अशा बापाला आपण स्वार्थी म्हणून मोकळे होतो. पण पाच मुलांना मूठमाती दिलेल्या माणसाच्या भयाला नुसता स्वार्थ म्हणणे मला तरी जड जाते.

गंमत अशी, की शार्लटचे त्याच्यावर प्रेम नव्हते. तिला राग आला तो अन्यायाचा. घरची मोलकरीण मार्था निकल्सच्या नावाने बोटे मोडू लागली, तिचा बाप, म्हणजे खुद्द त्याचा घरमालक, त्याला गोळी घालावी म्हणे. निकल्स जेवेना, बोलेना. धर्मप्रचारक म्हणून ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी त्याने अर्ज केला आणि मग मागे घेतला. मे १८५३ च्या एका रविवारी चर्चमध्ये प्रसाद देताना शार्लट समोर आली, आणि सगळ्या गावादेखत त्याची वाचा बसली. बाकांवरच्या बायका रडू लागल्या. त्याच महिनाअखेर त्याने हॉवर्थ सोडले. गावाने वर्गणी काढून त्याला सोन्याचे घड्याळ दिले. निघण्याच्या आदल्या रात्री तो घरी निरोप घेऊन गेला, पण बराच वेळ पाऊल वाजेना म्हणून शार्लट बाहेर आली. बागेच्या फाटकाला टेकून तो हुंदके देत होता. ती जवळ गेली. काही वचन दिले नाही, पण तिचे मन तिथेच वळले असावे.

त्याची पत्रे येत राहिली. काही पत्रांना तिने उत्तर दिले नाही, मग दिले. चोरून पत्रव्यवहार करणे तिच्या स्वभावात नव्हते. अखेर तिने वडिलांना सांगून टाकले. मधल्या काळात नवा क्युरेट आला होता आणि वडिलांचे त्याच्याशी मुळीच पटत नव्हते, याचाही उपयोग झाला. एप्रिल १८५४ मध्ये लग्न ठरले. अट एकच, की जोडप्याने याच घरी राहायचे आणि निकल्सने पुन्हा मदतनीस व्हायचे. म्हणजे एका परीने घरजावईच. शार्लटच्या नावावर सोळाशे अठ्ठ्याहत्तर पौंडांच्या वर रक्कम होती; ती लग्नाआधी कागद करून विश्वस्ताकडे ठेवली गेली, नवऱ्याला तिच्यावर हक्क राहिला नाही. त्या काळी बाईचे धन लग्नासरशी नवऱ्याचे होई. ज्याच्यावर पैशाच्या लोभाचा आळ, त्याने या कागदाला आडकाठी केली नाही.

मग तयारी. जेवणघरामागची सरपणाची अंधारी खोली साफ करवून तिने ती निकल्सच्या अभ्यासाची खोली केली आणि भिंतींच्या कागदाला जुळणारे हिरवे-पांढरे पडदे स्वतः केले. पांढरा पोशाख नको असे तिने ठरवले होते. मैत्रिणींनी आग्रहाने अंगाला लावून पाहिला आणि तोच घ्यावा लागला. पण कापड स्वस्त मलमलीचेच घेतले. गाजावाजा नको, गावाला दिवससुद्धा कळू नये, या तिच्या इच्छेला निकल्सने मनापासून साथ दिली. मात्र लग्नाची पत्रे पाठवायच्या त्याच्या पाद्री मित्रांची यादी काही केल्या संपेना, तेव्हा तिला आणखी छापून घ्यावी लागली. वरपक्षाच्या याद्या सर्व देशांत सारख्याच!

२८ जूनच्या रात्री सगळी सिद्धता झाल्यावर वडिलांनी जाहीर केले, की मी चर्चमध्ये येणार नाही. मुलीला वराच्या हाती द्यायचे कोणी? प्रार्थनेचे पुस्तक उघडून पाहिले. वधूला तिच्या वडिलांच्या किंवा स्नेह्याच्या हातून घ्यावे असे तिथे होते. स्नेही पुरुषच हवा असे कुठे नव्हते. शार्लटच्या शाळेतल्या जुन्या बाई, मिस वूलर, पाहुण्या म्हणून आल्याच होत्या. त्या म्हणाल्या, मी देते. बाप घरी बसला आणि अविवाहित मास्तरणीने कन्यादान केले, तेही १८५४ साली!

२९ जूनला सकाळी आठ वाजता, बागेपलीकडच्या त्याच चर्चमध्ये, लग्न लागले. एलन करवली होती. निकल्सचा मित्र सट्क्लिफ सोडन याने विधी केला. उपस्थिती मोजकी. तरी गावाला कुणकुण लागली आणि परतताना चार माणसे रस्त्यावर उभी राहिलीच. पांढऱ्या मलमलीतली, हिरव्या पानांच्या टोपीतली ती चिमुकली वधू त्यांना बर्फातून वर येणाऱ्या पांढऱ्या फुलासारखी दिसली. ती टोपी आजही हॉवर्थच्या संग्रहालयात आहे.

वेल्समार्गे दोघे आयर्लंडला गेली. बॅनेगरला त्याच्या मामाच्या प्रशस्त घरी पोचल्यावर शार्लट थक्क झाली. हा गरीब मदतनीस चांगल्या घरंदाज कुटुंबातला होता, आणि त्याविषयी तो कधी बोललाही नव्हता. किल्कीच्या कड्यावर अटलांटिक पाहताना तिला गप्प बसायचे होते. तुषारांपासून बचाव म्हणून त्याने तिच्या अंगावर पांघरूण घातले आणि तिला तसे बसू दिले. लेखिकेला आणखी काय हवे! किलार्नीच्या खिंडीत घोडी बुजली, शार्लट तिच्या पायांखाली पडली, पण खरचटलेसुद्धा नाही.

१ ऑगस्टला ती घरी परतली. मग गावातल्या जवळपास पाचशे माणसांना शाळेत चहा-जेवण दिले. लग्नाला न बोलावलेल्यांची भरपाई झाली. आता तिचा वेळ तिचा राहिला नाही. चर्चची, गरिबांची, नवऱ्याची कामे. लिहिणे मागे पडले. मैत्रिणीला मोकळेपणी लिहिलेली पत्रे जाळून टाकावीत असेही निकल्सने सुचवले. एलनने कबूल केले, पण जाळली नाहीत, आणि म्हणूनच वर सांगितलेले इतके सारे आपल्याला ठाऊक आहे. त्याचा हा धाक मला खटकतो. पण शार्लटच्या पत्रांतला सूर सुखी बाईचा आहे हेही खरे.

जानेवारी १८५५ मध्ये तिला उलट्या सुरू झाल्या. दिवस गेले होते. अन्न पोटात ठरेना. फेब्रुवारीत तिने नवे मृत्युपत्र करून सगळे नवऱ्याच्या नावे केले, म्हणजे कागद फिरला. ३१ मार्च १८५५ रोजी ती वारली. लग्नाला नऊ महिने झाले होते, तिला एकोणचाळिसावे संपायचे होते. ज्या सोडनने लग्न लावले त्यानेच त्याच चर्चमध्ये दफनविधी केला.

वडिलांनी ज्याला घराबाहेर काढले होते, तो निकल्स पुढची सहा वर्षे त्यांच्याजवळ राहिला. ७ जून १८६१ रोजी पॅट्रिक ब्राँटे चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारले. त्यांची जागा निकल्सला मिळेल असे सर्वांना वाटत होते. चर्चच्या विश्वस्तांनी दिली नाही. तो बॅनेगरला परतला, पुन्हा पाद्रीपण केले नाही, शेती पाहिली. १८६४ मध्ये मामेबहिणीशी लग्न केले. शार्लटचे चित्र त्या घरात बैठकीत लावलेले होते. १९०६ मध्ये तो गेला. आठ वर्षांनी त्याच्या विधवेला कपाटावर एक घडी केलेला कॅनव्हास सापडला. ब्रॅनवेलने काढलेले तिघी बहिणींचे ते चित्र आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात टांगलेले आहे. घड्यांचे वण त्यावर अजून दिसतात.