डॉ. कमलाबाई सोहोनी

आमच्या सातारा-सांगलीकडे घेवडा, पावटा वा वाल चांगला शिजल्यावांचून पानांत वाढीत नाहींत. या जुन्या रीतीमागील शास्त्र ज्यांनीं प्रयोगशाळेंत तपासलें, त्या डॉ. कमलाबाईंचें चरित्र मुलांनीं व पालकांनींही मनन करावें असें आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई या त्यांच्या भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले. इ. स. १९३३ मध्यें मुंबईस पदवीधर झाल्यावर कमलाबाईंनीं त्याच संस्थेंत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई स्वतः त्यांचेपुढें जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण विचारूं लागल्या. अखेर एक वर्षाच्या अजमावणीच्या अटीवर प्रवेश मिळाला. तो अपमान गिळून त्यांनीं कामानेंच उत्तर दिलें. रामन यांचें समाधान झालें आणि पुढें इतर मुलींसही तें दार उघडलें.

नंतर केंब्रिज येथें, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हें प्रथिन असतें, असें दाखवून त्यांनीं १९३९ सालीं पीएच. डी. मिळविली. स्वदेशीं परतल्यावर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं विद्यार्थ्यांसह कडधान्यांचा अभ्यास केला. आपल्या आंतड्यांत ट्रिप्सिन नांवाचें विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनें पचवितें. कच्च्या कडधान्यांतील एक द्रव्य त्यास अडवितें; नीट शिजविल्यानें त्या द्रव्याचा जोर बहुतांशीं नाहींसा होतो.

विकरांस आळा घालण्याचें काम आपल्या पेशीही करितात, हें इतर शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. जेवणानंतर यकृताच्या पेशी जादा साखरेपासून मेदाम्लें बनवितात. तीं पुरेशीं सांचलीं कीं तींच आपल्या आरंभींच्या विकरास रोखतात. उपाशीपोटीं पेशी त्याच विकरास फॉस्फेट जोडून निजवितात. नाहीं तर हातचें इंधन चरबी बनविण्यांतच खर्ची पडावयाचें. पुन्हां अन्न मिळालें कीं तो फॉस्फेट निघतो व काम सुरू होतें.

पेशींतील आळा असा गरजेपुरता असतो. कमलाबाईंस घातलेल्या आळ्यास गरजेचें कारणच नव्हतें, म्हणून तो आपोआप सुटला नाहीं. त्यांस तो सोडवावा लागला. १९९८ सालीं त्या निवर्तल्या. परमेश्वरानें बुद्धि देतांना मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाहीं. आपल्या कन्येस विद्येच्या दारीं थांबविण्यापूर्वीं प्रत्येक पालकानें, तसें करण्यास खरोखर कारण आहे काय, एवढें स्वतःस विचारावें.