आपल्यांतला पाखंडी

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ साली महाडजवळच्या लाडवलीत झाला. शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या या महार मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. त्याने वृत्तपत्राकडे पत्र धाडले. ते छापून आल्यावर प्रवेश मिळाला, मात्र बसायची जागा वेगळी! सनातन्यांशी वाद शास्त्रार्थात नव्हे, तर चव्हाट्यावर घालावयाचा असतो, हे त्याला कोवळ्या वयातच उमगले असावे.

महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळी सर्वांना खुली केली. पण ठराव दप्तरातच राहिला. डॉ. आंबेडकरांना महाडला आणण्याचा ध्यास मोरे यांनी घेतला आणि २० मार्च १९२७ रोजी परिषदेतील हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली, डोकी फुटली आणि मागाहून पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरींनी तळ्याची शुद्धी झाली. वस्तुतः त्याच तळ्यावर मुसलमान पाणी भरीत आणि त्यांच्या स्पर्शाने ते कधी बाटले नव्हते. परधर्मीयाचे मत कोणाला बोचत नाही. पाखंडी ठरण्यासाठी माणूस आधी आपलाच असावा लागतो. पुढे नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. सनातन्यांनी पुढे केलेली वहिवाट मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली अमान्य केली.

तोवर मोरे कम्युनिस्ट झाले होते. आंबेडकरांविषयीचा त्यांचा आदर मात्र ओसरला नाही. वर्गलढ्यात जात आपोआप विरून जाईल, ही नव्या घरातली श्रद्धा होती. परंतु मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून दोरा ओढण्यासाठी तोंड लावावे लागे, म्हणून विटाळाच्या धास्तीने दलितांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. मजुरीचा दर जात ठरवीत होती. हे अर्थशास्त्र कोणत्या पोथीत बसणार? १९५३ साली मोरे यांनी अस्पृश्यता व जातिव्यवस्था यांवरील टिपण पक्षापुढे ठेवले. त्यांना कोणी बहिष्कृत केले नाही. टिपणाकडे पुरेसे लक्षही दिले नाही. पाखंड्याला नामोहरम करण्याची ही अधिक सभ्य रीत होय.

मोरे पक्ष सोडून गेले नाहीत. १९६४ साली पक्ष फुटल्यावर त्यांनी मार्क्सवादी पक्षापुढे तोच प्रश्न पुन्हा मांडला आणि पुढच्या वर्षी ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.