फेलिक्स डेरेल : जिवाणूंचा शत्रू शोधणारा माणूस

वडोदरा : शहराला लागून असलेल्या उंडेरा गावात १८९८ साली प्लेग शिरला होता. तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी इथल्या घराघरांतल्या साधारण निम्म्या माणसांना आपली लस टोचली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. हाफकिन यांच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचंच नाव मिळालं. पुढच्याच वर्षी तिथे प्लेगवर वेगळाच इलाज घेऊन एक फ्रेंच संशोधक आले. त्यांच्याकडे लस नव्हती, जिवाणूंनाच मारणारे विषाणू होते. या संशोधकाचं नाव फेलिक्स डेरेल.

डेरेल यांचा जन्म १८७३ चा, पॅरिसचा. डॉक्टरकीचं रीतसर शिक्षण नव्हतं; सूक्ष्मजीवशास्त्र ते स्वतःच शिकले. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत नोकऱ्या केल्या. मेक्सिकोत टोळांना हगवण लावून मारणारा एक जिवाणू त्यांना सापडला. १९११ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले.

१९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, पॅरिसजवळच्या एका घोडदळाच्या तुकडीत रक्ताची हगवण पसरली. डेरेल यांनी रुग्णांची विष्ठा अतिशय बारीक गाळणीतून गाळली. या गाळणीतून जिवाणू पार होत नाहीत. तो गाळ नव्हे, तर खाली उतरलेलं पाणी त्यांनी हगवणीच्या जिवाणूंवर टाकून पाहिलं. एका रुग्णाची अशी तपासणी ते रोज करत राहिले. सुरुवातीचे दिवस काहीच घडलं नाही. मग एके दिवशी जिवाणूंनी गढूळ झालेली नळी रातोरात स्वच्छ झाली, आणि त्याच सुमारास रुग्णालाही उतार पडला. बरं होणाऱ्याच्या पोटातच जिवाणूंचा शत्रू वाढतो, हे डेरेल यांनी ओळखलं. १० सप्टेंबर १९१७ ला हा शोध जाहीर झाला. नाव ठेवलं बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणू खाणारा. ब्रिटनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी असाच प्रकार १९१५ मध्ये नोंदवला होता, पण तो इलाजापर्यंत नेला डेरेल यांनी.

१९१९ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात पहिला प्रयोग झाला. आधी डेरेल आणि तिथले डॉक्टर स्वतः फेज प्यायले. कोणाला काही झालं नाही, तेव्हा हगवणीने खंगलेल्या १२ वर्षांच्या मुलाला डोस दिला. काही दिवसांत तो बरा झाला.

पुढे इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला असताना त्यांनी प्लेगचे चार रुग्ण फेजने बरे केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यावरूनच मुंबईचं बोलावणं आलं. १९२७ मध्ये ते पुन्हा भारतात आले, या वेळी पटकीसाठी, पंजाबात. फेज दिलेल्या रुग्णांत शेकडा ८ च्या आसपास दगावले, न दिलेल्यांत शेकडा ६३ च्या आसपास.

आकडे असे असूनही इलाज टिकला नाही. एक फेज ठरावीक जिवाणूंनाच मारतो. कुलूप वेगळं आणि किल्ली वेगळी झाली, की गुण येत नाही. बाजारात आलेल्या बाटल्यांचा दर्जाही सारखा नव्हता. डेरेल यांचा साथीदार गिओर्गी एलियावा यांनी जॉर्जियात तिबिलिसीला संस्था उभी केली. १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांना ठार करण्यात आलं. मग पेनिसिलिन आलं आणि बहुतेक जग फेज विसरलं. २२ फेब्रुवारी १९४९ ला डेरेल पॅरिसमध्ये वारले. तिबिलिसीची संस्था मात्र आजही चालू आहे.

जो दोष ठरला, तोच आज गुण वाटू लागलाय. अँटिबायोटिक पोटातले चांगले-वाईट सगळेच जिवाणू झोडपतं. फेज नेमक्यालाच गाठतो. तापाने किंवा विषाणूच्या जुलाबाने पोटातल्या जिवाणूंचा तोल गेला, तर माजलेले जिवाणू फेजने कमी करून बाकीच्यांना जागा करून देता येईल का, याचा अभ्यास सुरू आहे. अजून हा घरी करायचा इलाज नाही. पण विषाणूच्या आजारावर अँटिबायोटिक चालत नाही, हे तर पक्कं आहे. तरीही मेडिकलमधून गोळ्या आणून आपण आपल्याच पोटातल्या चांगल्या जिवाणूंवर पाणी सोडतो. जुलाबात आधी मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टरांचा सल्ला, हेच खरं.