वसईचे संत गोन्सालो गार्सिया

इटली देशांत डोंगराच्या उतारावर आसिसी नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांव लहान, परंतु तेथील ख्रिस्तमंदिरांची कीर्ति जगभर पसरलेली आहे. साधु फ्रान्सिस हे इ. स. १२२६ मध्यें निवर्तले आणि दोनच वर्षांनीं, म्हणजे १२२८ सालीं, त्यांच्या स्मरणार्थ तेथें भव्य मंदिराचा पाया घातला गेला. पण स्वतः फ्रान्सिस यांनीं आपल्या हातांनीं जें काम केलें तें सान दामियानोसारखीं पडकीं, विस्मरणांत गेलेलीं छोटीं मंदिरें दुरुस्त करण्याचें. दगडाला थोरवी येते ती त्याच्या आश्रयानें जगलेल्या माणसाच्या चारित्र्यामुळें, हें सत्य त्या गांवीं जितकें पटतें तितकेंच तें आपल्या महाराष्ट्रांतील वसईच्या किल्ल्यांतही पटतें. त्याच वसईच्या एका सुपुत्राची ही कथा आहे.

आपल्या वैजापूरच्या मुलांना वेरूळचीं लेणीं आणि दौलताबादचा किल्ला परिचयाचा आहे. रोटेगांव स्टेशनावर गाडींत बसून मनमाडवरून कल्याणास जावें आणि तेथून पुढें वसई गांठावी, म्हणजे अगदीं निराळ्या प्रकारचा एक जुना किल्ला दृष्टीस पडतो. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनीं तेथें तटबंदीचें शहर वसविलें आणि तटाच्या आंत एकामागून एक ख्रिस्तमंदिरें उभीं केलीं. संत योसेफाचें मंदिर १५४६ सालचें. १६०१ सालीं त्याचें पुन्हां बांधकाम झालें. त्याचा उंच मनोरा व मनोऱ्यांतील चक्राकार जिना अद्याप पाहावयास मिळतो. फ्रान्सिस्कन साधूंच्या संत आंतोनीच्या मंदिरांत जमिनीवर जुन्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. येशूसंघाच्या मंदिराचा दर्शनी भाग आजही ताठ उभा आहे.

अशा या शहरांत १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, तर आई याच प्रांतांतली. येशूसंघाच्या पाद्रींनीं वसईंत शाळा चालविली होती. तेथें त्याचें शिक्षण झालें. त्याला भाषांची उपजत गोडी असावी असें पुढील आयुष्यावरून स्पष्ट दिसतें. वयाच्या सुमारें पंधराव्या वर्षीं, ज्या वयांत तुमच्यापैकीं पुष्कळजण हायस्कुलाच्या वर्गांत बसतां, त्या वयांत तो आपल्या गुरुजनांबरोबर समुद्र ओलांडून जपानास गेला. तेथें त्यानें जपानी भाषा इतकी उत्तम आत्मसात केली कीं, तो लोकांना धर्मशिक्षण देऊं लागला. सुमारें आठ वर्षें त्यानें ही सेवा मनापासून केली.

त्याची एकच मोठी इच्छा होती. ज्यांच्याबरोबर आपण राबतों त्या येशूसंघांत आपल्याला प्रवेश मिळावा, असें त्याला वाटे. ती इच्छा पूर्ण झाली नाहीं. आठ वर्षांच्या निष्ठेनंतर आलेला हा नकार कोणालाही कडवट करून टाकावयास पुरेसा होता. गोन्सालो तेथून निघाला व व्यापारांत पडला. मकावचें बंदर, पूर्वेकडील समुद्र, निरनिराळ्या देशांचा माल, यांत त्याला चांगलें यश लाभलें व पैसाही मिळाला. परंतु ज्याच्या मनांत एकदां सेवेची ओढ लागली त्याला नफ्याच्या वहीनें समाधान कसें व्हावें? व्यापारानिमित्त तो फिलिपाइन्स बेटांतील मनिला शहरीं गेला असतां तेथें त्याला आसिसीच्या फ्रान्सिस यांचे अनुयायी भेटले. १५८७ सालीं त्यानें सारें द्रव्य व मान सोडून त्यांच्या संघाचा साधा झगा अंगावर घेतला. तो पाद्री झाला नाहीं, तर केवळ सेवक धर्मबंधु झाला. ज्याला एका दारीं नकार मिळाला त्यानें दुसऱ्या दारीं सर्वांत खालची जागा मागून घेतली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इकडे जपानांत त्याच १५८७ सालीं तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें परदेशी मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. पण त्याची अंमलबजावणी कडक नव्हती. १५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविलें. त्या वकिलातीला दुभाषा हवा होता, आणि ब्रदर गोन्सालो यांच्याइतका योग्य पुरुष दुसरा कोठें मिळणार? कोंकणांत जन्मलेले हे धर्मबंधु स्पेनच्या वकिलाचें म्हणणें जपानच्या सत्ताधीशाला त्याच्याच भाषेंत समजावून देत होते. हिदेयोशीनें त्यांना देशांत राहण्याची परवानगी दिली.

मग क्योतो शहरीं या साधूंनीं एक मंदिर बांधलें व त्याला आसिसीजवळील देवदूतांच्या मातेच्या मंदिराचेंच नांव दिलें. मंदिराच्या शेजारीं त्यांनीं रुग्णालयें उभारिलीं आणि ज्यांना समाज जवळ येऊं देत नसे अशा महारोग्यांची शुश्रूषा ते स्वहस्तें करूं लागले.

तीन वर्षें अशीं गेलीं. १५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल जप्त करण्यांत आला. त्या प्रकरणांत हिदेयोशीच्या मनांत संशय भरला कीं, आधीं मिशनरी येतात व त्यांच्यामागून सैन्य येतें. राजांच्या लोभाचें आणि संशयाचें प्रायश्चित्त दुबळ्यांची सेवा करणाऱ्यांच्या वांट्यास आलें. साधूंना व त्यांच्या जपानी सोबत्यांना पकडण्यांत आलें. जानेवारी १५९७ मध्यें क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानांचा भाग कापण्यांत आला, आणि कडाक्याच्या थंडींत गांवोगांवीं धिंड काढीत त्यांना सुमारें महिनाभर नागासाकीकडे चालविण्यांत आलें. प्रथम ते चोवीस होते. वाटेंत आणखी दोघांची भर पडली.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा सामान्य जपानी ख्रिस्ती होते. लुईस इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. ज्या संघानें पूर्वीं गोन्सालो यांना प्रवेश दिला नव्हता त्या संघाचे बंधु व गोन्सालो आतां एकाच वाटेनें चालले होते; मृत्यूपुढें तो जुना भेद उरला नाहीं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकींतील निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनीं वधण्यांत आलें. क्रुसावर चढविलेल्यांत पहिले होते ते वसईचे ब्रदर गोन्सालो. त्यांचें वय त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचें होतें.

१६२७ सालीं त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या सव्वीसही रक्तसाक्षींना संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं असा मान मिळालेले ते पहिलेच होत.

आतां पुन्हां वसईकडे वळूं या. १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या मराठी सैन्यानें मोठ्या पराक्रमानें हा किल्ला जिंकला. पोर्तुगीज निघून गेले, छपरें कोसळलीं, मंदिरांच्या भिंतींवर झाडें उगवलीं. तेथील घंटाही दूर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा वसईच्या विजयांतून आली असें परंपरेनें सांगतात. ज्या राज्याच्या अभिमानानें तीं मंदिरें बांधलीं गेलीं तें राज्य गेलें. परंतु त्या शहराच्या शाळेंत शिकलेल्या एका मुलाचें नांव मात्र गेलें नाहीं. येशूसंघाचें तें भग्न मंदिर आज लोक गोन्सालो यांच्याच नांवानें ओळखतात.

तिकडे नागासाकींतही असेंच घडलें. १६१४ नंतर जपानांत ख्रिस्ती धर्मावर सक्त बंदी आली व एकही मंदिर उरलें नाहीं. अडीचशें वर्षांनीं, १८६४ सालीं, तेथें ओउरा येथें या सव्वीस जणांना वाहिलेलें मंदिर बांधून झालें. पुढच्याच वर्षीं, मार्च महिन्यांत, कांहीं गरीब खेडूत त्या मंदिराच्या दारीं आले आणि आपला धर्मही हाच असल्याचें त्यांनीं हळूच सांगितलें. सात पिढ्या त्यांनीं मंदिरावांचून व पाद्रीवांचून आपली श्रद्धा जपली होती!

विद्यार्थिमित्रहो, सुटींत वसईस जाण्याचा योग आला तर तो भग्न किल्ला अवश्य पाहा. कमानींची उंची पाहा, शिळांवरील अक्षरें पाहा. मग हेंही मनांत आणा कीं, याच गल्ल्यांतून एके काळीं शाळेची पाटी घेऊन एक मुलगा चालत असे. परकी भाषा कष्टानें शिकावी, तिचा उपयोग दोन समाजांना जोडण्याकडे करावा, नकार मिळाला तरी सेवेचा मार्ग सोडूं नये आणि ज्यांना कोणी शिवत नाहीं त्यांच्यापाशीं बसावें, इतकेंच त्यानें केलें. भिंती पडतात, असें जीवन पडत नाहीं.