विष्णुशास्त्री चिपळूणकर

विष्णुशास्त्री कृष्णशास्त्री चिपळूणकर (२० मे १८५० – १७ मार्च १८८२) हे मराठी निबंधकार, शिक्षक व संपादक होते. ‘निबंधमाला’ हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती लिहिले. एखादा विषय घेऊन त्याची व्याप्ती ठरवणे, कारणे सांगणे, उदाहरणे देणे आणि संभाव्य आक्षेपांना उत्तरे देणे, अशा बांधणीचा वैचारिक निबंध मराठीत त्यांच्यामुळे स्थिर झाला. त्यांना ‘मराठी भाषेचे शिवाजी’ असेही संबोधले जाते.

बालपण व शिक्षण

विष्णुशास्त्री यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृतचे पंडित आणि मराठीचे नामवंत ग्रंथकार होते. निरनिराळ्या शास्त्रांची मूलतत्त्वे सोप्या मराठीत समजावून देणारा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ हा कृष्णशास्त्र्यांचा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला. कठीण विषय मराठीत सांगता येतो, हे मुलाला घरातच दिसत होते.

डेक्कन कॉलेजात शिकत असताना इतिहास, संस्कृत काव्य आणि इंग्रजी निबंधकार यांचे त्यांनी भरपूर वाचन केले. मेकॉले, अ‍ॅडिसन आणि जॉन्सन हे त्यांचे विशेष आवडते लेखक होते. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी आरंभलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले. वडिलांच्या ‘शालापत्रक’ या मासिकाचे कामही विद्यार्थिदशेतच त्यांच्याकडे आले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू व दंडी यांच्यावरील त्यांचे लेख याच मासिकातले असून ते पुढे ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने ग्रंथरूप झाले. ‘शालापत्रक’ १८७५ मध्ये बंद पडले.

शिक्षकी पेशा

पदवी मिळाल्यावर ते सरकारी शाळेत शिक्षक झाले. त्या काळी मराठीची स्थिती चमत्कारिक होती. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा १८६० च्या दशकात वगळल्या गेल्या होत्या. विद्यार्थी निबंध लिहायला शिके तो इंग्रजीत. मराठीत त्याच्यापुढे असत ती बहुधा भाषांतरित क्रमिक पुस्तके, ज्यांची वाक्यरचना पुष्कळदा इंग्रजी वळणाची होती. ‘निबंध’ हा शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने रुळलेला नव्हता. संस्कृत परंपरेत तो धर्मशास्त्रातील संग्रहग्रंथांना लावला जाई. सुशिक्षित मनुष्य विचार इंग्रजीत मांडतो आणि मराठी केवळ घरगुती बोलण्यापुरती ठेवतो, हे शल्य विष्णुशास्त्र्यांना सतत बोचत असे.

पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली. त्यांच्या लेखनावरील नाराजी हे या बदलीचे कारण असल्याचे मानले जाते. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि जानेवारी १८८० मध्ये बाळ गंगाधर टिळक यांच्यासह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. महादेव बल्लाळ नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर हे या कार्यात त्यांना येऊन मिळाले. लेखन कसे शिकवावे या प्रश्नाशी या मंडळींचा किती निकटचा संबंध होता हे त्यांच्या ग्रंथांवरून दिसते. आपट्यांनी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, तर आगरकरांनी मराठी वाक्याची चिकित्सा करणारा ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ लिहिला. विष्णुशास्त्र्यांनी मात्र असे पाठ्यपुस्तक रचले नाही. निबंध कसा लिहावा हे त्यांनी निबंध लिहूनच दाखवले.

निबंधमाला

‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. तिचे एकूण ८४ अंक निघाले. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. त्यानंतर ‘भाषापद्धती’, ‘लेखनशुद्धी’, ‘भाषांतर’, ‘वाचन’, ‘भाषादूषण’, ‘वक्तृत्व’ असे भाषा व लेखन यांविषयीचे अनेक निबंध आले. ते एकत्र वाचले तर लेखनकलेचा एक अभ्यासक्रमच तयार होतो. ‘इतिहास’, ‘लोकभ्रम’, ‘मोरोपंत’ तसेच जॉन्सनचे विस्तृत चरित्र हे मालेतील अन्य महत्त्वाचे लेखन होय.

त्यांच्या मांडणीचा नमुना म्हणून ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ हा निबंध पाहता येतो. विद्वान मनुष्य तो कवीही असणारच, ही समजूत समाजात रूढ होती. विष्णुशास्त्री ती समजूत वाचकापुढे ठेवतात, दोन्ही शब्दांचे अर्थ वेगळे करतात आणि विद्वत्ता अभ्यासाने मिळते, कवित्व तसे मिळत नाही, हा भेद प्रस्थापित करतात. निबंधाचा विषय एकच राहतो. प्रत्येक परिच्छेद त्याच भेदाला बळ देतो. विद्यार्थ्याच्या निबंधात सहसा हेच हरवलेले असते. माहिती पुष्कळ असते, पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याने ठरवलेले नसते.

त्यांचे वाक्य लांब, अनेक उपवाक्यांचे व तोलदार असते. आजच्या वाचकाला ते दमवते. परंतु मोठ्याने वाचले असता त्याची जोडणी ध्यानात येते. मेकॉलेचे वळण त्यात उघड दिसते, तरी शब्द, म्हणी आणि दाखले बहुतांशी मराठी व संस्कृत परंपरेतले आहेत.

टीका

निबंधमालेतील वादग्रस्त भाग तिच्या खंडनपर लेखनाचा आहे. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर विष्णुशास्त्र्यांनी अत्यंत बोचरी टीका केली. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाची हजेरी घेताना त्यांनी फुल्यांच्या व्याकरणाची व भाषेची टर उडवली. शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा आणि ब्राह्मणी वर्चस्वाचा जो मूळ प्रश्न फुल्यांनी मांडला होता, त्याला त्यातून उत्तर मिळाले नाही. आक्षेप नीट मांडून मग त्याला उत्तर देण्याची जी शिस्त ते भाषाविषयक निबंधांत पाळतात, ती येथे सुटली आहे. शैलीचा डौल कायम असल्यामुळे ही उणीव अनेक वाचकांच्या लक्षात आली नाही आणि उपहासाची ही रीत पुढील मराठी वादांत दीर्घकाळ अनुकरली गेली. निबंधलेखनाच्या अभ्यासासाठी म्हणूनच त्यांचे गाजलेले हल्ले बाजूला ठेवून भाषेवरील निबंध आधी वाचणे इष्ट ठरते.

अखेरचा काळ

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. त्यांच्या स्थापनेत विष्णुशास्त्र्यांचा प्रमुख वाटा होता. आर्यभूषण छापखाना आणि चित्रशाळा या संस्थांच्या उभारणीतही ते होते. ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाशीही त्यांचा संबंध होता. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची ३२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेल्या शाळेतूनच १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

मालेतील अखेरचा दीर्घ निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ हा होता. ब्रिटिश सरकारने तो १९१० मध्ये जप्त केला. ही बंदी १९३७ मध्ये उठवण्यात आली.