हाडं चघळणाऱ्या गायी मरत होत्या, एका हाताच्या डॉक्टरांनी कारण मातीत शोधलं

ज्यांच्या घरी गोठा आहे, त्यांनी थायलेरिया हा शब्द नक्की ऐकला असेल. गोचिडांमुळे पसरणारा हा आजार संकरित गायीला झाला की जोराचा ताप येतो, दूध आटतं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर गाय हातची जाते. पण हे नाव आलं कुठून? तर ते एका माणसाच्या आडनावावरून आलंय. त्यांचं नाव अर्नॉल्ड थायलर.

गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांवर थायलर यांनी मोठं काम केलं, म्हणून त्या जंतूंना त्यांचं नाव मिळालं. पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड कोडं वेगळंच होतं. विशेष म्हणजे, त्या कोड्याचं उत्तर शोधताना आधी ते स्वतःच चुकले होते.

आल्या आल्या हात गेला

थायलर यांचा जन्म १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्रिक या गावात झाला. पशुवैद्यकाचं शिक्षण पूर्ण करून ते १८९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आले. प्रिटोरियाजवळच्या एका मोठ्या शेतावर काम मिळालं, पण तिथे यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला. जनावरांच्या डॉक्टरसाठी याहून वाईट काय असणार? दुसरा कुणी मायदेशी परतला असता. थायलर तिथेच राहिले.

सोन्याच्या खाणींच्या भागात देवीची साथ आली, तेव्हा त्यांनी लस बनवून दिली आणि त्यांचं नाव झालं. १८९६ मध्ये बुळकांडीची साथ दक्षिण आफ्रिकेत पोहोचली. कळपच्या कळप संपले. या साथीशी लढणाऱ्यांमध्ये थायलर पुढे होते. पुढे १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपोर्ट इथे त्यांच्या नेतृत्वाखाली पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. ही संस्था आजही सुरू आहे.

काय होता हा लामसिक्ते?

दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ भागात एक आजार फार जुना होता. तिथले शेतकरी त्याला लामसिक्ते म्हणायचे, म्हणजे लुळं पाडणारा आजार. चांगली चरणारी गाय अचानक अडखळायची, मग खाली बसायची ती उठायचीच नाही. गिळता येत नसे. शुद्ध असायची, पण अंग साथ देत नसे. थोड्या दिवसांत ती मरायची.

गंमत म्हणजे मरतुकड्या जनावरांपेक्षा दुभत्या आणि गाभण गायी जास्त बळी पडायच्या. म्हणजे शेतकऱ्याची सगळ्यात मोलाची जनावरंच आधी जायची.

शेतकऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसत होती. त्या भागातल्या गायी माळावर पडलेली जुनी हाडं चघळत. गवत खाणारं जनावर हाडं का खातं, हे कोडंच होतं. अनेकांना ती नुसती वाईट खोड वाटायची. हाडांचा चुरा खाऊ घातला तर फायदा होतो, हा सल्ला थायलर यांच्या आधीच तिथल्या एका सरकारी पशुवैद्यकाने दिला होता. पण असं का होतं, ते कुणी सिद्ध केलं नव्हतं.

थायलर यांनी सुरुवातीला वेगळंच कारण धरलं. चरताना एखाद्या वनस्पतीतून विष पोटात जात असावं, असं त्यांचं मत होतं. १९१० नंतरची काही वर्षं या दिशेने गेली. विषारी गवत काही सापडलं नाही, गायी मात्र मरत राहिल्या.

दारिद्र्याच्या माळावर उत्तर मिळालं

मग थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रायबर्गजवळच्या एका शेतावर मुक्काम ठोकला. त्या शेताचं नाव होतं आर्मुट्सफ्लाक्टे. या नावाचा अर्थच दारिद्र्याचा माळ. तिथे त्यांनी गवतापेक्षा गायींच्या त्या खोडीकडे नीट लक्ष दिलं. १९२० च्या सुमारास सगळी साखळी जुळली. ती अशी होती :

१. त्या भागाच्या मातीतच फॉस्फरस कमी. त्यामुळे गवतातही कमी. पावसाळा संपून गवत वाळलं की आणखी कमी.

२. गायीला हाडांसाठी, दुधासाठी आणि पोटातल्या वासरासाठी फॉस्फरस लागतो. म्हणून दुभत्या आणि गाभण गायींना तो सगळ्यात आधी कमी पडायचा.

३. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतात. शरीराची ही भूक भागवायला गाय हाडं शोधायची.

४. मेलेल्या जनावराच्या सडक्या अवशेषांत बोट्युलिझमचे जंतू वाढतात आणि अतिशय जहाल विष तयार करतात. हाडाला चिकटलेल्या थोड्याशा सडक्या मांसातूनही ते गायीच्या पोटात जायचं आणि अंग लुळं पडायचं.

५. ती गाय माळावरच मरायची. तिची हाडं पुढच्या गायीसाठी तिथेच पडून राहायची.

थोडक्यात, गायीला खोड नव्हती, तिची उपासमार चालली होती. पोट भरलेलं असूनही ती उपाशी होती. मारणारं विष हाडातलं असलं, तरी तिला हाडापर्यंत नेणारं कारण मातीत होतं.

उपाय अगदी साधा निघाला. निर्जंतुक केलेला हाडांचा चुरा गायींना द्यायचा आणि माळावरचे सांगाडे उचलून टाकायचे. फॉस्फरस मिळाल्यावर गायींची हाडं खाण्याची ओढ कमी झाली. इतकंच नाही, तर त्यांची वजनं वाढली, दूध वाढलं आणि वासरंही चांगली होऊ लागली. थायलर, त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी ग्रीन आणि इतरांनी या आजारावरचा सविस्तर अहवाल १९२७ मध्ये प्रसिद्ध केला.

मग जंगलातले प्राणी काय करतात?

फॉस्फरसची भूक फक्त गायींना लागत नाही. आफ्रिकेत जिराफही हाडं चघळताना दिसतात. पण वन्य प्राण्यांकडे आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे चालत राहणं. टांझानियातल्या सेरेंगेटीत ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती आहे. तिथल्या आखूड गवतात खनिजं भरपूर असतात. विल्डबीस्टचे प्रचंड कळप पावसाळ्यात तिथेच येतात आणि तिथेच वितात. कुंपणातल्या गायीला असं दुसऱ्या माळावर जाता येत नाही. तिच्या मातीत जे नाही, ते माणसालाच आणून द्यावं लागतं.

आपल्या गोठ्याशी काय संबंध?

आपल्याकडेही गाय-म्हैस माती खाते, भिंत चाटते, दोरी किंवा कापड चघळते. अनेकदा तिला दावणीला आखूड बांधून किंवा मुसकं घालून विषय संपवला जातो. पण यामागे फॉस्फरस किंवा इतर खनिजांची कमतरता असू शकते, कधी पोटातले जंतही असतात. म्हणून आधी पशुवैद्यकांना दाखवणं महत्त्वाचं. आज त्यासाठी खनिज मिश्रण आणि चाटण विटा मिळतात. हाडांचा चुरा मात्र घरच्या घरी करून देऊ नये, कारण त्यातून रोग पसरू शकतात.

थायलर १९२० मध्ये ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यक विद्याशाखेचे पहिले अधिष्ठाता झाले. १९२७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा मॅक्स थायलर यांना पुढे पिवळ्या तापाच्या लसीवरच्या कामासाठी १९५१ चं नोबेल मिळालं. वडिलांच्या नावावर नोबेल नाही. पण आज गोठ्यात टांगलेली चाटण वीट ज्या विचारातून आली, त्याचा मोठा भाग त्या दारिद्र्याच्या माळावर सिद्ध झाला होता.