जॉन स्मीटन

कठीण काम पुढें आलें म्हणजे प्रथम सुचेल तोच उपाय धरून बसण्याची आपणां सर्वांस संवय असते. ती ज्यांनीं जिंकिली, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

स्मीटन यांचा जन्म 1724 सालीं इंग्लंडांत लीड्स शहराजवळ झाला. मुलानें आपल्याप्रमाणें वकील व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. परंतु त्याचें मन हत्यारांत रमे. शेवटीं वडिलांनीं संमति दिली, व तो लंडनमध्यें शास्त्रीय उपकरणें बनवूं लागला.

प्लिमथ बंदरापासून सुमारें 14 मैलांवर समुद्रांत एडिस्टन नांवाचे खडक आहेत. त्यांवर आपटून अनेक जहाजें फुटलीं. तेथील पहिला दीपस्तंभ 1703 च्या वादळांत, तो बांधणाऱ्या विन्स्टन्ली यांच्यासह, नाहींसा झाला. पुढचा लांकडी स्तंभ चाळीसांहून अधिक वर्षें टिकला, पण 1755 सालीं जळाला. नव्या स्तंभाचें काम स्मीटन यांजकडे आलें.

लांकूड लवचिक, म्हणून तेंच लाटांपुढें टिकेल, असें पुष्कळ जाणत्यांचें मत होतें. स्मीटन यांनीं दोन्ही पक्ष तोलून पाहिले. लांकूड नमतें, पण जळतें. दगड जळत नाहीं, व आपल्या भारानेंच स्थिर राहतो. मात्र लाटेनें सुटा चिरा उपटला जाण्याचें भय. त्यांनीं दगड पसंत केला व त्या भयावरही उपाय योजिला. सुतार लांकडाचे सांधे एकमेकांत अडकवितो, तसे त्यांनीं चिरे एकमेकांत व खालच्या खडकांत अडकविले. स्तंभाचा आकार ओक वृक्षाच्या बुंध्यावरून घेतला : तळीं रुंद, वर निमुळता.

राहिला चुना. साधा चुना पाण्यांत घट्ट होत नाहीं. चुनखडी जितकी कठीण तितका चुना चांगला, अशी समजूत होती. स्मीटन यांनीं ठिकठिकाणचे चुने आणून त्यांचे गोळे पाण्यांत ठेविले, तेव्हां ती खोटी ठरली. ज्या चुनखडींत मातीचा अंश होता, तिचाच चुना पाण्यांत कठीण झाला.

1759 च्या ऑक्टोबरांत 24 मेणबत्त्यांचा दीप लागला. आंत भिंतीवर त्यांनीं 127 व्या स्तोत्राचा आरंभ कोरविला. तो विद्यार्थ्यांनीं शास्त्रांत काढून वाचावा. 1792 सालीं ते निवर्तले. स्तंभ शंभरांहून अधिक वर्षें अभंग राहिला. पुढें त्याखालील खडकच लाटांनीं पोखरला, म्हणून 1882 सालीं शेजारीं नवा स्तंभ उजळला, आणि जुन्याचा वरचा भाग प्लिमथ येथें पुन्हा उभारिला गेला.

अनेक उपाय मांडावे, प्रत्येकाचे गुणदोष पाहावे, शंका असेल तेथें प्रयोग करावा, आणि मग निर्भयपणें एक निवडावा. शेंकडों खलाशांचे प्राण या निवडीवर अवलंबून होते. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं उद्यां जें काम येईल, त्यावरही कोणाचें तरी कल्याण अवलंबून असेल, हें त्यांनीं विसरूं नये.